पूजेतली पेन्सिल

चांगली बातमी पोटात ठेवायची सवय उत्तराला नव्हती, आणि तिच्या कामात ती सवय लागावी इतक्यांदा चांगली बातमी येतही नसे. म्हणून त्रयोदशीला सकाळी विभागप्रमुख मनोहररावांनी सत्तेचाळीस नंबरच्या कागदावर ‘कर्करोग आढळला नाही’ असं लिहून सही केली, तेव्हा तिने तो कागद टपालात जायची वाट पाहिली नाही. दुपारच्या सुटीत रिक्षा केली आणि थेट इतवारी गाठली. पिशवीत आपट्याची पानं होती. दसरा होऊन तीन दिवस उलटले होते, पण सोनं कोजागिरीपर्यंत देता येतं, आणि हे सोनं तर खरोखरीचं होतं.

भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत कृष्णकांतबुवा आणि त्यांची थोरली बहीण यमुताई राहत. बुवा हरिदास. चाळीस वर्षं उभं राहून देवाचं नाव घेतलेला माणूस. उत्तराचे वडील गेले त्या वर्षी सगळं गणगोत तिच्या आईला सांगत होतं, पोरीला बी.एस्सी.च्या पुढे शिकवू नका, स्थळ मिळणार नाही. बुवांनी भर कीर्तनात निरूपण थांबवलं आणि म्हणाले, “ज्या घरात मुलीची पुस्तकं बांधून माळ्यावर टाकतात, त्या घरचा हार आम्ही गळ्यात घालत नाही.” माळा उघडला गेला. पुढे उत्तरा शिकली, पीएच.डी. झाली, आणि सात वर्षांपासून इथल्या कर्करोग संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. लहानपणी बुवांच्या मागे उभी राहून ती झांज धरायची. ती झांज अजून बुवांच्याच घरी खुंटीला होती.

अशा बुवांचा आवाज तीन महिने बसलेला. ओवा झाला, ज्येष्ठमध झालं, यमुताईंची धुरी झाली. शेवटी उत्तराच त्यांना ओढून केंद्रात घेऊन गेली होती. अष्टमीला घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. त्या बाटलीचा नंबर सत्तेचाळीस, आणि त्या दिवसापासून उत्तरा निकालाचे दिवस मोजत होती.

“बुवा, सोनं घ्या,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “काही नाहीये. स्वच्छ आहे!”

बुवांनी पानं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देवापुढे ठेवली. यमुताईंना मात्र राहवलं नाही. “मी म्हणत नव्हते? अगं, देवाचं काम केलेला गळा तो! थांब, पेढे आणवते. देवळात वाटते आत्ता.”

बुवा खरखरत्या आवाजात एवढंच म्हणाले, “कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून काकडआरती. महिनाभराचं कीर्तन मी विठ्ठलमंदिराला कबूल केलंय. उभा राहू?”

“राहा,” उत्तरा म्हणाली.

एकच शब्द. पण पुढे संध्याकाळपर्यंत तो तिच्या कानात इतक्या वेळा वाजला, की झांजही तेवढी वाजली नसेल.

ती केंद्रात परतली तेव्हा प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, अंगात धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, बोटांना सुताचा कीस चिकटलेला. मांडीवर जेवणाचा डबा होता, न उघडलेला. कामठीचा मारोतराव. मागावर काम करणारा. त्याची बायको देवकी वॉर्डात होती. गालात आतून जखम, महिनोन्‌महिने न भरलेली. गुडाखू, म्हणजे तंबाखूची मिश्री, दातांना घासायची जुनी सवय. तिचा नंबर अठ्ठेचाळीस. तिच्या तुकड्याचा निकाल आदल्या दिवशीच गेला होता आणि त्यात कर्करोग होता. सर्जननी उद्या सकाळी नऊची वेळ दिली होती. गाल आणि अर्धा जबडा काढायचा.

“बाई,” मारोतराव उठून उभा राहिला, “तुमीच पाह्यता न काचातून? एक सांगा जी. जबडा गेल्यावर मानूस बोलते का? तिले लय बोलाची सवय हाय. घरात मी नाही बोलत, तेच बोलते.”

उत्तराने त्याला जमेल तसं सांगितलं. धीर द्यायला तिच्याकडे आज भरपूर होता. स्वतःची बातमी चांगली असली की दुसऱ्याला धीर देणं सोपं जातं. हे तिच्या लक्षात आलं आणि थोडी लाजही वाटली. ती आत गेली.

आत लहानूभाऊ होते. प्रयोगशाळेचे मदतनीस, केंद्राची पहिली वीट रचली तेव्हापासूनचे. मेण वितळवावं तर त्यांनी, सुरीला धार लावावी तर त्यांनी. ते दार लावून घेत होते. दिवसा ते दार कधी लागत नसे.

“बाई, एक बोलू का? रागावसान त् नाही?”

“काय झालं, लहानूभाऊ?”

“तो मानूस सकाळपासून बसून हाय भाहेर. त्याच्याकडं पाहवत नाही मले.” लहानूभाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली, परत उचलली. “नवमीले मी पूजा मांडली होती न. तवा त्या दोन बाटल्या मी धुतल्या.”

“कोणत्या दोन?”

“सत्तेचाळीस न् अठ्ठेचाळीस.”

आता हे कळायला नवमीचा दिवस डोळ्यापुढे आणायला हवा. खंडेनवमीला प्रयोगशाळेत हत्यारांची पूजा व्हायची. सूक्ष्मदर्शकांना झेंडूचे हार, तुकड्यांच्या चकत्या कापणाऱ्या यंत्राला हळदकुंकू, सुरी तबकात. शाई, टाक, रजिस्टर आणि पेन्सिलीसुद्धा पाटावर. सरस्वतीच त्या, त्या दिवशी त्यांनी विसावा घ्यायचा, त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही. ही पद्धत कुणी लेखी काढली नव्हती, पण मोडतही कुणी नव्हतं. मनोहरराव देव मानत नसत, तरी नारळ तेच फोडत आणि प्रसादाचं खोबरं दोनदा मागून घेत.

उलट एक नियम मात्र लेखी होता, उत्तराच्याच अक्षरात, भिंतीवर डकवलेला. तुकड्याची बाटली आली की कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने नंबर लिहायचा आणि चिटोरा बाटलीच्या आत टाकायचा. बाहेरचं लेबल शाईचं, डिंकाचं; ते सुटतं, पुसतं. पेन्सिलीचं शिसं मात्र स्पिरिटमध्येही पुसलं जात नाही. चिटोरा तुकड्यासोबत पाण्यात जातो, मेणात जातो, शेवटपर्यंत साथ सोडत नाही.

अष्टमीला संध्याकाळी त्या दोन बाटल्या आल्या तेव्हा उत्तरा घाईत होती. घरी होमाची तयारी व्हायची होती. तिने बाहेरची लेबलं लावली आणि आतले चिटोरे सकाळवर ढकलले. सकाळी येऊन पाहते तो सगळ्या पेन्सिली पाटावर, दोऱ्याने बांधलेल्या, वर कुंकवाचं बोट. तिने हात पुढे केला होता. हे तिला आत्ता लखलखीत आठवलं. हात पुढे केला होता आणि मागे घेतला होता. पूजेतली पेन्सिल कशी उचलायची? दसऱ्याला सुटी. एकादशीला काम सुरू झालं तेव्हा तिने चिटोरे लिहिले, बाटल्यांवरच्या लेबलांवरूनच.

“बाटल्यायले बोटाचे डाग व्हते, बाई,” लहानूभाऊ सांगत होते. “पूजेत मळकं कसं ठेवाव? मी नळाखाली धरल्या. त् दोनी चिठ्ठ्या सुटल्या. एक माह्या बोटाले चिकटली, एक मोरीत गेली. मी उचलली, वाळवली, डिंक लावून परत चिकटवल्या.”

“कोणती कोणत्या बाटलीला?”

“तवा मले पक्कं मालूम व्हतं. चार दिवस मालूम व्हतं.” म्हाताऱ्याचे डोळे भरले. “आता तो मानूस तिथं बसला, न् मले काहीच आठवून नाही राह्यलं. लय आठवून पाह्यलं, बाई. बाटली आठवते, नळ आठवते. हात नाही आठवत.”

उत्तरा स्टुलावर बसली. दोन्ही तुकडे तांदळाएवढे. घशातलं अस्तर आणि गालातलं अस्तर काचेखाली सख्ख्या बहिणींसारखं दिसतं. तेवढ्याशा तुकड्यावरून कोण कुठलं हे तिलाही सांगता आलं नसतं, मनोहररावांनाही नाही. एकात रोग होता आणि एकात नव्हता, एवढंच खरं होतं. तो कुणाचा, हे मोरीच्या पाण्यात गेलं होतं.

बाहेर मारोतराव खोकला. घड्याळात अडीच.

‘देवा, चिठ्ठ्या बरोबरच लागलेल्या असू देत,’ तिचे ओठ सवयीने हलले, आणि मध्येच थांबले. बरोबर लागलेल्या म्हणजे काय? म्हणजे देवकीबाईचा जबडा. मग उलट्या लागलेल्या असू देत म्हणावं? म्हणजे बुवांचा गळा. लहानपणापासून ती देवाकडे मागत आली होती, परीक्षेत, आजारपणात, वडिलांच्या वेळी. मागणं पुरं झालं नाही असं झालं होतं. मागताच येत नाही असं कधी झालं नव्हतं. कुणाचं नाव घेऊन हात जोडायचे? ज्याचं घ्यावं त्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाने बुवांचं नाव आधीच घेऊन टाकलं होतं. ते तिला कळलं, आणि भीती वाटली ती त्याचीच.

शेवटी ती एवढंच म्हणाली, ‘माझा डोळा खोटा पडू देऊ नकोस.’

मग उठली आणि मनोहररावांच्या खोलीत गेली.

मनोहररावांनी सगळं ऐकून चष्मा काढला. “पूजा कुणी करायला सांगितली होती?”

“आपणच, सर. नारळ आपणच फोडला.”

“हं.” ते खिडकीतून बघत राहिले. “उद्याचं ऑपरेशन थांबवता येईल. पण सर्जन मला विचारतील, काय शंका आहे, किती शंका आहे? मी काय सांगू? आमच्या मदतनिसाला हात आठवत नाही?”

“सर,” उत्तरा म्हणाली, “एक तुकडा बाईचा आहे आणि एक पुरुषाचा.”

ते गर्रकन वळले. त्यांना लगेच कळलं. कारण दोन वर्षं याच कामावरून ते तिची थट्टा करत होते. बाईच्या शरीरातल्या पेशींत, केंद्रकाच्या आतल्या कडेला, एक गडद ठिपका चिकटलेला असतो. सगळ्यांत दिसत नाही, पण शंभरातल्या तीस-चाळीसांत हमखास दिसतो. पुरुषाच्या पेशींत शंभर शोधल्या तर एखादा, तोही फसवा. गाठ झालेल्या पेशी तो ठिपका सांभाळतात की टाकून देतात, हे उत्तराचं संशोधन. सबंध केंद्र तिला ‘टिकलीवाल्या बाई’ म्हणे. “टिकल्या मोजून पगार घेते ही,” असं मनोहरराव पाहुण्यांना ओळख करून देताना सांगत.

“रोग झालेल्या पेशींवर विसंबू नका,” ते आता म्हणाले. “निरोगी तुकडा मोजा. अठ्ठेचाळीसच्या कडेला निरोगी पेशींची एक पट्टी आहे, तीही मोजा. नवीन पातळ चकत्या कापा. तुम्ही मोजा, मग मी मोजतो. आकडा मला सांगायचा नाही. चेहऱ्यावरसुद्धा आणायचा नाही.”

लहानूभाऊंनी सुरी लावली. त्यांचे हात एरवी दगडासारखे स्थिर. आज पहिल्या दोन चकत्या फाटल्या. तिसरी कोमट पाण्यावर तरंगली, आकसलेली उलगडली. रंगवून, वाळवून, काच लावेपर्यंत चार वाजून गेले.

उत्तराने सत्तेचाळीसच्या काचेवर तेलाचा थेंब टाकला, मोठं भिंग खाली आणलं. जांभळी केंद्रकं समोर आली, जात्यातून पडलेल्या पिठासारखी पसरलेली. डाव्या हाताशी कागद, आणि पेन्सिल. हीच ती, लाल दोरा अजून बांधलेला. पेशीत ठिपका दिसला तर उभी रेघ. नाही दिसला तर शून्य.

पहिली पेशी. नाही. दुसरी. नाही. तिसरी, चौथी, नाही. तिच्या छातीत काहीतरी हलकं होऊ लागलं, आणि तिने भिंगावरून डोळा काढला. डोळा असा हलका होऊन चालणार नव्हतं. पदराने कपाळ पुसलं, परत वाकली.

पाचवी. कडेला, जिथे असायला हवा तिथे, गडद ठिपका. कुणी बोटाने लावावा तसा.

एक ठिपका म्हणजे काही नाही. पुरुषातही एखादा असतो. सातवी. आणखी एक. दहावी, अकरावी. रेघा वाढत गेल्या. एखादी पेशी संशयाची आली की तिचं मन म्हणे, हा ठिपका नव्हे, हा रंगाचा कण आहे, आणि हात मात्र थांबून पुन्हा पुन्हा स्क्रू फिरवी. संशयाच्या पेशी तिने सोडून दिल्या. आहेकडे झुकणाऱ्याही आणि नाहीकडे झुकणाऱ्याही. शंभर झाल्या तेव्हा तिने कागदाची घडी घातली, न मोजता. मग अठ्ठेचाळीसची पट्टी. तिथे शून्यांच्या रांगा लागल्या. नव्वदाव्या पेशीपर्यंत एक रेघ.

मनोहररावांनी मोजायला पाऊण तास घेतला. तेवढा वेळ उत्तरा आणि लहानूभाऊ बाकावर शेजारी शेजारी बसले होते. लहानूभाऊ मध्येच म्हणाले, “बाई, माही नोकरी गेली तरी चालते. पन त्या बाईचा जबडा…” आणि थांबले.

कागद उघडले. तिच्या कागदावर सदतीस. मनोहररावांच्या चौतीस. पट्टीवर तिची एक, त्यांची एकही नाही.

सत्तेचाळीस नंबरचा निरोगी तुकडा बाईचा होता.

अठ्ठेचाळीसमधला रोग बुवांचा होता. मनोहररावांनी फोन उचलला. “उद्या नऊचं थांबवा. हो. दोन नमुन्यांची अदलाबदल झाली आहे, दोघांचेही तुकडे पुन्हा घ्यायचे आहेत. चूक? चूक माझ्या विभागात झाली आहे, म्हणजे माझी.” फोन ठेवून ते लहानूभाऊंकडे वळले. “असा बघू नकोस. तुझी नोकरी गेली तर नारळाचीही चौकशी निघेल.” आणि मग उत्तराला, वेगळ्या आवाजात, “ते कीर्तनकार. तुम्ही त्यांना आधीच सांगून आलात ना?”

“हो, सर.”

“माझी सही होती. मीही सांगायला येऊ शकतो.”

“नाही, सर. सोनं मी दिलं होतं.”

व्हरांड्यात मारोतरावाला समजावायला वेळ लागला. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, “म्हंजे कापत नाहीत?”

“उद्या कापत नाहीत. उद्या फक्त पुन्हा तुकडा घेतील. पण आम्ही पाहिलं त्यावरून, बहुतेक तो रोग नाही. दाताचं टोक सारखं घासत असेल, त्याची जखम. आणि गुडाखू आता बंद. कायमचा.”

“आजच फेकतो! पिपेच्या पिपे फेकतो!” तो हसला, रडला, पाया पडायला वाकला. उत्तरा मागे सरकली. तो नमस्कार तिच्याने घेववला नसता. तो डबा उघडायला बसला, आणि झाकण हातात तसंच धरून थांबला.

“बाई. मंग ते कोनाचं व्हतं?”

उत्तराला वाटलं होतं हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

“दुसऱ्या एकांचं.”

“त्यायले सांगतलं?”

“आता जाते आहे.”

मारोतरावाने झाकण खाली ठेवलं. “नाव काय त्यायचं? मी देवीले मांगतो त्यायच्यासाठी. माह्या घरचं गेलं, ते त्यायच्या घरी गेलं. मले मांगाव लागन.”

“नाव सांगता येत नाही, मारोतराव. नियम आहे.”

“बराबर हाय.” त्याने थोडा विचार केला. “नंबर सांगता येते का? देवीले नंबर चालन. तिले सगळ्यायचे नंबर मालूम असतीन.”

“सत्तेचाळीस,” ती म्हणाली.

“सत्तेचाळीस,” त्याने पुटपुटून घेतलं, जसा एखादा पत्ता पाठ करावा.

इतवारीत दिवे लागत होते. भांडेबाजारात ठोके देणाऱ्यांचं दिवसाचं शेवटचं काम चाललं होतं. तांब्यावरचा ठण ठण आवाज गल्लीभर येत होता. बुवा देवापुढे आसन घालून बसले होते. आख्यानाची वही मांडीवर, बोटांत चिपळ्या; आवाजाविना ओठ हलवत पद बसवत होते. खुंटीला नवं उपरणं, इस्त्री करून. यमुताई दारातच म्हणाल्या, “ये, ये! शेवटचे दोन पेढे तुझ्यासाठीच ठेवलेत.”

उत्तरा बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. बाटल्या, पूजा, नळ, पेन्सिल; हात पुढे केला आणि मागे घेतला तेही. ठिपके सांगितले. कुठे काही लपवलं नाही आणि कुठे ‘पण’ जोडला नाही.

यमुताईंचा आधी विश्वासच बसेना, आणि मग त्या संतापल्या. “अगं, पेढे वाटले मी! सबंध देवळात वाटले! काय वाटेल ते सांगता तुम्ही लोक? दुपारी एक, संध्याकाळी एक?”

“ताई,” बुवा म्हणाले. एवढंच. यमुताई आत गेल्या. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

बुवांनी बोटांतल्या चिपळ्या काढल्या आणि पाटावर ठेवल्या, त्या वाजणार नाहीत अशा बेताने. इतक्या वर्षांत उत्तराने त्यांना तसं करताना कधी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे,” त्यांचा आवाज आणखी खाली गेला, “सोनं परत मागायला आलीस होय गं?”

बुवांनी देवापुढची पानं उचलली. दुपारपासून कडेने सुकत आली होती. “आपट्याचीच पानं ती. सोनं आपण म्हणतो म्हणून सोनं. पानांनी कधी सांगितलंय?” त्यांनी ती परत ठेवली. “त्या बाईचा जबडा उद्या काढणार होते?”

“सकाळी नऊला.”

“तिला कळवलं?”

“हो. आधी तिकडेच सांगितलं.”

“तेवढं बरं केलंस.” त्यांनी समईची वात पुढे सारली. “मी घाबरलो नाही असं नाही, उत्तरा. लोकांना चाळीस वर्षं सांगत आलो, देह नाशिवंत. दुसऱ्याच्या देहाविषयी सांगणं सोपं असतं. आवाज जाईल?”

“लवकर सापडलंय. कोबाल्टचे किरण देतात, रोज थोडे, पाच-सहा आठवडे. पुष्कळांचा आवाज राहतो. तुमचा राहीलच असं मी सांगणार नाही.”

“आणि काकडआरती?”

“नाही, बुवा. बोलायचंही कमीत कमी.”

बुवांनी वही मिटली. बाहेरचे ठोके थांबले होते. “मी तुला रागावत नाही असं समजू नकोस,” ते म्हणाले. “तू मला खोटं सांगितलं नाहीस, वेळेच्या आधी सांगितलंस. पण ‘राहा’ म्हणालीस, आणि मी मनाने महिनाभराचा उभा राहून आलो. तिथून मला आता उतरायचंय. ते मला जरा जड जाणार.”

“हो, बुवा.”

“पूजेतली पेन्सिल उचलली नाहीस!” त्यांनी मान हलवली, आणि पहिल्यांदाच डोळ्यांत जुनं काहीतरी चमकलं. “अगं, ज्या सरस्वतीला आपण पुजतो तिला लिहिलेलं चालत नाही असं तुला कुणी शिकवलं? मीच शिकवलं असेल कुठल्यातरी आख्यानात. आता ते आख्यान बदलावं लागेल. बोलता आलं तर.”

त्यांनी खुंटीवरचं नवं उपरणं काढून पेटीत ठेवलं आणि जुनं बाहेर काढलं. “उद्या किती वाजता यायचं?”

“नऊला.”

सकाळी तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिघे बसले होते. एका टोकाला देवकीबाई, गालाला पदर लावून. ती खरोखरच सारखी बोलत होती, दुखऱ्या तोंडानेही. मध्ये मारोतराव. दुसऱ्या टोकाला बुवा, गळ्याभोवती उपरणं, गप्प. उत्तरा बाटल्या घेऊन आली तेव्हा मारोतराव बुवांना सांगत होता, “तुमाले बोलाचं नाही का जी? राहू द्या, मीच सांगतो. आमच्यावरचं गेलं, पन ते कोन्या एका मानसावर गेलं. सत्तेचाळीस नंबर. मी काल कामठीले जाऊन देवीपुढं नारळ फोडला. म्हटलं, माय, नाव मले मालूम नाही, तू पाहून घे.”

देवकीबाई म्हणाली, “अन् म्हने नारळ फुटला त् पान्याचा थेंबबी नाही सांडला! यायनं माह्यासाठी इतक्या सालात एक नारळ नाही फोडला, बाई!”

बुवांनी मारोतरावाकडे पाहिलं. मग उत्तराकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, आणि ती तिची कबुलीच होती. बुवांचा हात उपरण्यातून बाहेर आला आणि मारोतरावाच्या पाठीवर पडला. कीर्तन संपल्यावर पाया पडायला येणाऱ्यांच्या पाठीवर पडायचा, तसाच.

“बुवा, चला,” आतून डॉक्टरांनी हाक मारली.

उत्तराने टेबलावर दोन कोरे चिटोरे ठेवले. अजून तुकडे निघायचे होते, बाटल्यांत नुसतं फॉर्मलिन होतं, त्याचा वास नाकात जात होता. तिने लाल दोऱ्याची पेन्सिल उचलली, एकावर त्रेसष्ट लिहिलं, एकावर चौसष्ट, दाबून, आणि एकेक चिटोरा एकेका बाटलीत सोडला. चिटोरे थोडे तरंगले, मग ओले होऊन हळूहळू तळाशी गेले. काचेतून आकडे स्वच्छ वाचता येत होते.

लहानूभाऊ दाराशी उभे राहून पाहत होते. “बाई, निकालाले आता किती दिवस?”

“चार,” ती म्हणाली, आणि आतून बुवांच्या खोकल्याचा आवाज आला तशी बाटली हातात घट्ट धरून उभी राहिली.